गाडीची जाहिरात: यादीत नाव घालणारी आणि खोडणारीही

जाहिरात बघून कुणी गाडी घेतं का, असं विचारलं की दोन ठरलेली उत्तरं येतात. एक म्हणतो, एवढा पैसा कंपन्या उगाच ओततील का? दुसरा म्हणतो, जाहिरात लागली की मी आवाजच बंद करतो. दोघांचंही अर्धंच बरोबर आहे. गाडी घेणारा माणूस पाच-सात, कधी दहा वर्षांतून एकदा बाजारात उतरतो. काही आठवडे चौकशा करतो, तीन-चार गाड्यांची यादी करतो, त्यातल्या दोन चालवून बघतो आणि एक घेतो. जाहिरातीचा जोर चालतो तो त्या यादीपाशी. ती गाडी विकत नाही, यादीत नाव घालते. आणि तितक्याच सहज नाव खोडतेही. नाव खोडलं जातं ते जाहिरात कंटाळवाणी होती म्हणून क्वचितच. जाहिरातीने दिलेला शब्द शोरूममध्ये दहा मिनिटांत मोडला, म्हणून बहुतेकदा.

एकच जाहिरात तीन तऱ्हेच्या माणसांपुढे जाते. पहिला आणखी चार वर्षं तरी गाडी घेणार नाही. अमुक कंपनी मजबूत, तमुक कंपनी कमी खर्चाची, एवढंच त्याच्या डोक्यात राहिलं तरी काम झालं. दुसरा याच महिन्यात घेणार आहे. त्याला डोंगर आणि संगीत नकोय. मागे तिघं नीट बसतात का, सर्व्हिसिंग किती किलोमीटरला आणि हप्ता किती, हे त्याला हवंय. तिसऱ्याने गेल्याच महिन्यात गाडी घेतली आहे. सगळ्यांत मन लावून जाहिरात बघतो तो हा तिसरा. १९५७ साली अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांनी नव्याने गाडी घेतलेल्यांना वर्तमानपत्रांतल्या आणि मासिकांतल्या जाहिरातींबद्दल विचारलं होतं. लोकांनी स्वतः घेतलेल्या गाडीच्या जाहिराती जास्त वाचल्या होत्या आणि विचारात घेऊन शेवटी सोडून दिलेल्या गाड्यांच्या कमी. एवढे पैसे घातल्यावर आपण बरोबर केलं ना, ही धाकधूक असतेच, आणि जाहिरात तिच्यावर उतारा देते.

यातून एक व्यावहारिक गोष्ट निघते, आणि ती कंपन्या वारंवार विसरतात. जाहिरात किती जणांना आवडली हे मोजताना आधीपासूनचे मालक त्यात मिसळले, तर आकडा फुगतो. मालकांना ती आवडणारच. यादीत नाव गेलं का हे बघायचं असेल, तर येत्या तीन महिन्यांत गाडी घेणाऱ्यांना जाहिरातीआधी आणि नंतर एकच प्रश्न विचारायला हवा: कोणत्या गाड्या बघणार आहात?

याच तिसऱ्या माणसाला कंपन्या सर्वांत जास्त दुखावतात. त्याने गाडी घेतली, तरी मोबाइलवर त्याच गाडीची जाहिरात त्याचा पिच्छा सोडत नाही, आणि कधी कधी त्याने दिलेल्या किमतीपेक्षा कमी किमतीची ऑफर घेऊन येते. त्या क्षणी तो फसल्यासारखा होतो आणि चार लोकांना सांगतो. कारण साधं आहे: बुकिंगची नोंद डीलरच्या संगणकात असते, जाहिरातीची यादी कंपनीच्या एजन्सीकडे, आणि दोन्ही जुळवायला आठवडे लागतात. बुकिंग झालेल्यांची नावं रोज वगळणं आणि एका माणसाला एक जाहिरात आठवड्यातून किती वेळा दिसावी याला मर्यादा घालणं, ही दोन कामं कोणत्याही नव्या फिल्मपेक्षा जास्त उपयोगी पडतात असं माझं मत आहे.

गाडी दाखवावी की नुसतं वातावरण, हा जुना वाद आहे. १९८९ साली अमेरिकेत दोन जपानी कंपन्यांच्या महागड्या गाड्या एकाच सुमाराला बाजारात आल्या. निसानच्या इन्फिनिटीच्या सुरुवातीच्या जाहिरातींत गाडी नव्हतीच. दगड, झाडं, पाणी आणि शांत आवाजातलं निवेदन. टोयोटाच्या लेक्सस एलएस ४०० ने बॉनेटवर शॅम्पेनच्या ग्लासांचा मनोरा रचला, मागची चाकं रोलरवर ताशी १४५ मैलांच्या वेगाने फिरवली, आणि ग्लास हलले नाहीत. इन्फिनिटीच्या जाहिरातींची चर्चा भरपूर झाली, विक्रीत मात्र लेक्सस पुढे गेली. गाड्याही वेगळ्या होत्या, त्यामुळे सगळं श्रेय ग्लासांना देता येणार नाही. पण ग्लासवाली जाहिरात बघून माणूस शोरूममध्ये एक प्रश्न घेऊन जात होता: खरंच एवढी थरथर नाही का? आणि विक्रेता इंजिन चालू करून उत्तर देऊ शकत होता. दगड-झाडांची जाहिरात बघून शोरूममध्ये विचारायचं काय? २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये जॅग्वारनेही गाडी नसलेली तीस सेकंदांची फिल्म काढली आणि तिच्यावर टीकेची झोड उठली. त्या वेळी कंपनीकडे विकायला नव्या गाड्या जवळजवळ नव्हत्याच, म्हणून तिचा परिणाम विक्रीच्या आकड्यांवरून काढणं चुकीचं ठरेल. पण यादीत घालायला गाडीच नसेल तर जाहिरात कुठे जाऊन टेकणार, हा प्रश्न उरतोच.

या सगळ्यात मला अजूनही सर्वांत शिकण्यासारखी वाटते ती फोक्सवॅगन बीटलची १९६० च्या सुमाराची छापील जाहिरात, डॉइल डेन बर्नबाख या एजन्सीची. पान जवळजवळ रिकामं, एका बीटलचा काळा-पांढरा फोटो, आणि खाली एकच शब्द: 'लेमन', म्हणजे सदोष निघालेली गाडी. कंपनी स्वतःच्याच गाडीला वाईट का म्हणते, हे बघायला वाचणारा खालच्या मजकुरात शिरतो. तिथे लिहिलंय की ही गाडी पाठवली गेली नाही, कारण ग्लव्ह कंपार्टमेंटवरच्या क्रोमच्या पट्टीला डाग होता आणि ती बदलायची होती. तुमच्या लक्षातही आलं नसतं, तपासनीसाच्या आलं. पुढे आकडे येतात. जर्मनीतल्या वुल्फ्सबर्गच्या कारखान्यात ३,३८९ माणसांचं काम फक्त तपासण्याचं. रोज तीन हजार गाड्या बनतात, म्हणजे गाड्यांपेक्षा तपासनीस जास्त. १८९ तपासण्या, आणि पन्नासातली एक गाडी बाद.

यात फुशारकीचं विशेषण नाही, हे लक्षात घ्या. 'दर्जेदार', 'विश्वासार्ह' असलं काही नाही. घेणाऱ्याच्या मनात त्या काळात एक भीती होती, की ही छोटी, स्वस्त, परदेशी गाडी कच्ची तर नसेल? जाहिरात नेमकी त्या भीतीवर बोट ठेवते, आणि आकड्यांनी उत्तर देते. जाहिरातकार डेव्हिड ओगिल्वींनी १९५८ साली रोल्स-रॉइससाठी हेच वेगळ्या थाटात केलं: ताशी ६० मैलांवर गाडीतला सर्वांत मोठा आवाज विजेच्या घड्याळाचा. ते वाक्यही एका तांत्रिक संपादकाच्या परीक्षणातून उचललेलं होतं. 'अतिशय शांत गाडी' म्हटलं असतं तर कुणी लक्षात ठेवलं असतं?

भीतीवर बोट ठेवण्याचं अलीकडचं उदाहरण २००९ च्या मंदीतलं. अमेरिकेत लोक पैसे असूनही गाडी घेत नव्हते, कारण नोकरी टिकेल याची खात्री नव्हती. व्याज कमी करून ही भीती जात नाही. ह्युंदाईने जाहिरात केली: वर्षभरात उत्पन्न गेलं तर गाडी परत करा. त्या वर्षी तिथला एकूण बाजार सुमारे एकवीस टक्क्यांनी घसरला आणि ह्युंदाईची विक्री सुमारे आठ टक्क्यांनी वाढली. परत आलेल्या गाड्या मोजक्याच होत्या.

याच्या उलट, चांगल्या हेतूचा शब्दही नाव खोडू शकतो. टाटा नॅनो २००९ साली आली ती 'जगातली सर्वांत स्वस्त गाडी' ही ओळख घेऊन. गाडी घेणारा दारात उभी राहणारी गाडी चार लोकांना दिसणार हे धरूनच घेतो, आणि 'सर्वांत स्वस्त' हा शिक्का त्याला कपाळावर नको होता. ही ओळख चिकटू देणं चुकलं, असं रतन टाटांनी पुढे जाहीरपणे सांगितलं. परवडणारी गाडी आणि स्वस्त गाडी, यांत हिशेबाचा फरक नसतो, मानाचा असतो.

आता शब्द मोडतो कुठे ते बघू. आधी दिसण्याबद्दल. जाहिरातीतला रस्ता जवळजवळ नेहमी ओला असतो. टँकरने पाणी मारलं की डागडुजीचे ठिगळ दिसत नाहीत आणि दिव्यांचं प्रतिबिंब पडतं. शूटिंग सूर्योदयाच्या आधी किंवा सूर्यास्तानंतरच्या अर्ध्या-पाऊण तासात करतात, कारण तेव्हा सगळं आकाश मिळून एकच मऊ दिवा होतं आणि पत्र्यावर सलग उजळ रेषा येते. कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर आणि वाइड लेन्स, म्हणजे छोटी गाडीही धिप्पाड वाटते. चाक आणि मडगार्डमधली फट कमी दिसावी म्हणून डिकीत वाळूच्या गोण्या ठेवून गाडी खाली बसवतात. मागची जागा ऐसपैस दिसावी म्हणून पुढची सीट पार पुढे सरकवतात. त्या सीटवर मोठा माणूस बसूच शकणार नाही. इंजिनाचा आवाज बऱ्याचदा नंतर चढवलेला असतो. काही वेळा तर समोर पळणारी गाडी ती नसतेच. द मिल या स्टुडिओने २०१६ साली ब्लॅकबर्ड नावाचा लांबी-रुंदी बदलता येणारा सांगाडा बनवला. तो रस्त्यावर पळवायचा आणि नंतर संगणकावर त्याला हव्या त्या गाडीचं अंग चढवायचं.

यातलं बरंचसं चालण्यासारखं आहे. लग्नाच्या फोटोत माणूस रोजच्यापेक्षा बरा दिसतो, तसंच ते. ओला रस्ता बघून कुणी गाडी नाकारत नाही. नाकारतात ते सीट पुढे सरकवलेली असते तेव्हा, कारण ती गोष्ट शोरूममध्ये लगेच कळते. बघायला आलेला माणूस पुढची सीट स्वतःच्या उंचीला लावतो, मग मागे जाऊन बसतो, गुडघे टेकतात, आणि त्याच क्षणी त्याचा बाकीच्या दाव्यांवरचाही विश्वास उडतो. तसंच व्हेरियंटचं. जाहिरातीत सर्वांत वरचं मॉडेल: मोठी अलॉय व्हील, दोन रंगांचं छत, सनरूफ. किंमत मात्र सर्वांत खालच्या मॉडेलची, 'पासून' या शब्दासकट. दोन्ही एकाच चौकटीत दाखवले की माणूस मनातल्या मनात ती किंमत त्या गाडीला लावतो. शोरूममध्ये खरा आकडा ऐकल्यावर तो वरचं मॉडेल घेत नाही, बाहेर पडतो.

मुद्दाम केलेली फसवणूक तर वर्षानुवर्षं अंगावर राहते. १९९० साली व्होल्वोने एक जाहिरात केली. राक्षसी चाकांचा ट्रक गाड्यांच्या रांगेवरून जातो, बाकीच्या चिरडतात, व्होल्वो उभी राहते. टेक्सासमधल्या ऑस्टिनमध्ये शूटिंगच्या वेळी व्होल्वोचं छत लाकूड आणि पोलाद घालून मजबूत केलं होतं आणि इतर गाड्यांचे खांब कापून कमकुवत केले होते. टेक्सासच्या अॅटर्नी जनरलने, म्हणजे राज्याच्या मुख्य सरकारी वकिलाने, ते उघड केलं, कंपनीला वर्तमानपत्रांत खुलासा छापावा लागला आणि एजन्सीने काम सोडलं. वाईट याचं वाटतं की तीन बिंदूंचा सीट बेल्ट १९५९ साली आणणारी हीच कंपनी. तिच्याकडे सांगायला खरं भरपूर होतं.

यापेक्षा अवघड प्रकरण म्हणजे चालवून कळतच नाहीत असे दावे. सप्टेंबर २०१५ मध्ये फोक्सवॅगनची 'स्वच्छ डिझेल' गाडी चाचणी ओळखून तेवढ्यापुरता धूर साफ करते हे बाहेर आलं. घेणाऱ्याला हे टेस्ट ड्राइव्हमध्ये समजणं शक्यच नव्हतं. असा दावा निव्वळ विश्वासावर चालतो, आणि तो फुटला की कंपनीच्या बाकीच्या गाड्याही यादीतून जातात.

मधल्या पट्ट्यात येतात ते खरे पण अपुरे आकडे. इथे सर्वांत जास्त घोळ होतो.

रेंज, म्हणजे एका चार्जमध्ये गाडी किती जाते ते, आणि मायलेज घ्या. हे आकडे काढण्यासाठी युरोपात २०१७ पासून लागू झालेली डब्ल्यूएलटीपी ही प्रमाणित चाचणी १,८०० सेकंदांची, २३.२५ किलोमीटरची असते; सरासरी वेग ताशी साडेसेहेचाळीस किलोमीटर, प्रयोगशाळेत २३ अंश तापमान, एसी बंद. आकडा खोटा नाही, पण महामार्गाचा नाही. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणून ताशी ९० वरून १२० वर गेलं की तो सुमारे पावणेदोन पट होतो. इलेक्ट्रिक गाडीला हे जास्त जाणवतं, आणि थंडीत तर हीटरही बॅटरीवरच चालतो, कारण इंजिनासारखी फुकटची उष्णता तिच्याकडे नसते. जाहिरातीत एकच आकडा टाकणारी कंपनी पहिल्या लांबच्या प्रवासात तोंडघशी पडते. शहर, महामार्ग आणि थंडी असे तीन आकडे देणारी कंपनी कमी आकर्षक दिसते, पण माझ्या मते तीच यादीत टिकते.

चार्जिंगचंही तसंच. 'दहा ते ऐंशी टक्के अठरा मिनिटांत' हा ह्युंदाई आयोनिक ५ चा गाजलेला दावा ३५० किलोवॉटच्या चार्जरवरचा आहे. पन्नास किलोवॉटच्या चार्जरवर त्याच गाडीला सुमारे तासभर लागतो. आणि ऐंशीलाच का थांबतात? कारण बॅटरी भरत आली की सेल जपण्यासाठी करंट कमी करावा लागतो. शेवटचे वीस टक्के रेंगाळतात. बॅटरी थंड असेल तर सुरुवातही मंद होते.

पिकअपचा आकडा वाचताना बघायचं की घड्याळ कधी सुरू केलं. काही ठिकाणी गाडी पहिला फूटभर सरकल्यावर वेळ मोजायला सुरुवात करतात. त्यात सेकंदाचे दोन-तीन दशांश वाचतात. डिकीचे लिटर पाण्याने नव्हे, ठोकळ्यांनी मोजतात: २०० बाय १०० बाय ५० मिलिमीटरचा एक ठोकळा म्हणजे एक लिटर. पण ठोकळे खिडकीच्या कडेपर्यंत रचले की छतापर्यंत, आणि फ्लोअरखालचा कप्पा धरला की नाही, यावर तीच डिकी लहान-मोठी होते. लिटरपेक्षा तोंडाची रुंदी आणि आतली लांबी मोजा.

सुरक्षेचे स्टार हे वर्षाशी बांधलेले असतात. फियाट ग्रँड पुंटोला २००५ साली युरो एनकॅप या गाड्यांच्या अपघात-चाचण्या घेणाऱ्या युरोपातल्या संस्थेने पाच स्टार दिले होते. तीच पुंटो २०१७ मध्ये नव्या निकषांवर तपासली तेव्हा तिला शून्य मिळाले. गाडी बिघडली नव्हती, परीक्षा कडक झाली होती. जाहिरातीत स्टार दिसले आणि वर्ष दिसलं नाही, तर वर्ष विचारा, आणि चाचणी झालेल्या गाडीत किती एअरबॅग होत्या तेही.

पैशांच्या बाबतीत जाहिरात सर्वांत जास्त माणसं पळवून लावते. मोठ्या अक्षरात छोटा हप्ता, तळाशी मुंगीएवढ्या अक्षरात मोठं डाउन पेमेंट आणि शेवटी एकरकमी भरायचा मोठा हप्ता. किंवा व्याजाचा 'फ्लॅट' दर. सात टक्के फ्लॅट, पाच वर्षं, म्हणजे मुद्दलावर पस्तीस टक्के व्याज आणि साठ समान हप्ते. मुद्दल दर महिन्याला कमी होत असतं, पण व्याज मात्र पहिल्या दिवसाच्या मुद्दलावर. घटत्या शिल्लकेवर मांडलं तर हा दर साडेबारा टक्क्यांच्या आसपास जातो. शून्य टक्क्यांच्या ऑफरमध्ये रोख घेणाऱ्याला मिळणारी सूट बहुधा गायब असते. ती सूट हेच व्याज समजा.

सततच्या सवलतींचा त्रास वेगळा. जून २००५ मध्ये जनरल मोटर्सने कर्मचाऱ्यांची सवलत सगळ्यांना देऊ केली. विक्री उसळली, आणि ऑफर संपल्यावर शरद ऋतूत आपटली, कारण पुढच्या काही महिन्यांचे ग्राहक आधीच येऊन गेले होते. लोकांना एकदा वाट बघायची सवय लागली की पूर्ण किमतीची जाहिरात बघून कुणी उठत नाही. शिवाय नव्या गाडीची किंमत उतरली की जुन्या मालकाच्या गाडीला मिळणारी किंमतही उतरते, आणि सुरुवातीला सांगितलेला तो तिसरा माणूस पुन्हा दुखावतो.

जाहिरात बनवणाऱ्यांनी ती बाहेर सोडण्याआधी एक काम करावं. पटकथा हातात घेऊन शोरूममधल्या साध्या, मधल्या व्हेरियंटच्या गाडीत दहा मिनिटं बसावं, थोडी चालवावी, आणि पटकथेतलं प्रत्येक वाक्य तिथल्या तिथे दाखवता येतं का ते बघावं. जे दाखवता येत नाही त्यापुढे चाचणीचं नाव आणि वर्ष लिहावं. तेही नसेल तर वाक्य काढावं. विक्रेत्यांना जाहिरात लोकांच्या आधी दाखवावी, कारण ग्राहक येऊन 'ते ग्लासवालं दाखवा' म्हणतो तेव्हा विक्रेत्याने गोंधळून जाणं फार महाग पडतं.

घेणाऱ्यांसाठी: ऑफरच्या जाहिरातीचा स्क्रीनशॉट घ्या, तळाच्या बारीक अक्षरांसकट आणि तारखेसकट, कारण ऑनलाइन मजकूर रातोरात बदलतो. शोरूममध्ये कोटेशन मागताना व्हेरियंटचं पूर्ण नाव, जाहिरातीतली ऑफर, तिची मुदत, आणि मुदत बुकिंगच्या तारखेला मोजणार की डिलिव्हरीच्या, हे चारही लिहून घ्या. डिलिव्हरी लांबली की ऑफर संपली म्हणून सांगतात ती याच शेवटच्या ओळीच्या आधाराने.